‘पूर्वध्वनी’चे शेवटचे पान

३ नोव्हेंबर, सोमवार

तिने हाक मारली!

म्हणजे मारताना दाखवली आहे. दोन मिनिटे चौदा सेकंदांचा ट्रेलर, आणि त्याच्या अगदी शेवटी यमुना कड्याच्या टोकावर येते, तोंडाभोवती दोन्ही तळहात धरते — आणि पडदा काळा. आवाज नाही. पण तोंडाभोवती तळहात कोणी जांभई देण्यासाठी धरत नाही.

सकाळी सात-दहाला प्रद्युम्नाचा फोन. तो एस.टी. आगारात कारकून आहे आणि आमच्या ‘पूर्वध्वनी’ वाचक मंडळाचा चिटणीस. कादंबरी त्याने एकोणीस वेळा वाचली आहे. हा आकडा तो लोक वय सांगतात तसा सांगतो. “सर, वाट लावली त्यांनी! शेवटाचीच वाट लावली!” मी म्हणालो, आधी चहा घे, मग विधान कर.

मंडळातल्या एकेचाळीस जणांना जे पाठ आहे ते या वहीला मात्र ठाऊक नाही. रखमाजीची ही कादंबरी १९८६ची. वेल्ह्याकडच्या एका खोऱ्यात विहीर खणताना काळा दगड लागतो, आणि त्या दिवसापासून तिथे प्रतिध्वनी हाकेच्या आधी येऊ लागतो. नेमका एक दिवस आधी. माणसे आज कड्यावर जातात आणि उद्याची स्वतःची हाक ऐकतात. कोणाची गुरे हरवणार, कोणाच्या घरी रडारड होणार, सारे आदल्या दिवशी कळते. यमुना मोजणी खात्यातली. तिचा भाऊ तो दगड दरीत नेऊन पुरायला उतरतो, तो परत येत नाही. ती दिवसभर कड्यावर बसून आपल्या उद्याच्या हाकेचा प्रतिध्वनी येण्याची वाट पाहते. तो येत नाही. म्हणजे उद्या ती हाक मारणार नाही. म्हणजे हाक मारावी असे कोणी खाली उरलेले नसेल. “दिवस मावळेपर्यंत ती ऐकत राहिली.”

संपले. आमच्या भोरात हे वाक्य मंडळातल्याच बंडूने आपल्या झेरॉक्सच्या दुकानात पाटीवर रंगवून घेतले आहे.

४ नोव्हेंबर

ट्रेलर पुन्हा पाहिला. अकरा वेळा. तळहात तोंडाभोवतीच आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

जे या वहीतही आजवर लिहिले नाही, ते लिहितो.

कादंबरी त्या वाक्यावर संपत नाही. पुढे आणखी एक पान आहे: २१३, आणि त्याच्या पाठीवर कोरे २१४. त्या पानावर दुसरा दिवस उजाडतो, यमुना कड्यावर येते आणि भावाला हाक मारते.

पहिली प्रत रखमाजीने मलाच आणून दिली होती. उत्रोलीचा, पाटबंधारे खात्यात अभियंता, शाळेपासूनचा मित्र. मी एका बैठकीत वाचून काढली आणि त्याला सांगितले — दोनशे बारा पाने तू एक नियम पाळलास. जी हाक उद्या मारली जाणार, तिचा प्रतिध्वनी आज येतो. प्रतिध्वनी आलेला नाही. तस्मात् हाक नाही. आणि दोनशे तेराव्या पानावर ती हाक मारते! हा उघड व्याघात आहे. तू स्वतःच स्वतःचे विधान खोडतोस.

तो हसला. “तुझ्या तर्कात कुणाचा भाऊ हरवत न्हाई रं, म्हणून तुला असं वाटतं.” मी म्हणालो, तर्काला नातलग नसतात, हेच त्याचे बळ. ते वाक्य मला तेव्हा फार आवडले होते.

त्याच दिवशी पट्टी ठेवून, ब्लेडने, मी ते पान माझ्या प्रतीतून कापले. रागाने नव्हे. उत्तरपत्रिकेतली चूक खोडावी तसे. फेकले मात्र नाही; तर्कशास्त्राच्या व्याख्यानांची माझी टिपणे आहेत, त्यांत ‘हेत्वाभास’ या, सदोष तर्कांच्या, प्रकरणात ठेवले. अजून तिथेच आहे. आज पाहिले.

२००९ साली मंडळ निघाले. रखमाजीला जाऊन तीन वर्षे झाली होती, प्रकाशन संस्था त्याआधीच बंद पडली होती, पुस्तक कुठे मिळेना. माझी प्रत बंडूकडे गेली. तिच्यावरून एकेचाळीस प्रती निघाल्या. कोणी विचारले असते तर मी सांगितले असते. कोणी विचारले नाही.

हा युक्तिवाद एखाद्या विद्यार्थ्याने माझ्यापुढे केला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

८ नोव्हेंबर, शनिवार

मंडळाची तातडीची सभा, बंडूच्या दुकानात. यंत्र बंद, कागदांच्या गठ्ठ्यांवर माणसे.

भीतीला नुसते तोंड फुटले होते. गाणे असेल का? यमुनेला कोणी प्रियकर दिला असेल का? मैथिली महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. तिचे दुखणे निराळे. “सर, ट्रेलरमध्ये दगड चमकतो! कादंबरीत तो उजेड गिळतो. मग उद्या म्हणतील दगड परग्रहावरचा, आणि त्यातनं कोणीतरी बाहेर येईल!” बंडू म्हणाला, “त्ये ऱ्हाऊ द्या. हिरोईन केवढी गोरी! मोजणी खात्यातली बाई, साखळी घेऊन उनात फिरती, अन् ही बघा, जशी काय दुधात बुडवून काढलीया.”

आशाही होत्या, हे नमूद केले पाहिजे. खोरे खरे आहे, संगणकावरचे नाही. माणसे तिथलीच भाषा बोलतात. आणि प्रद्युम्न हळूच म्हणाला, “चांगला निघाला तर पुस्तक पुन्हा छापतील, सर. खरं पुस्तक. झेरॉक्स नाही.”  मी अध्यक्ष या नात्याने पुढचा विषय घेतला.

पुढच्या रविवारी, सोळाला, मार्गासनीच्या मंगल कार्यालयात दिग्दर्शिका चित्रपट आधी गावकऱ्यांना दाखवणार आहे — चित्रण वरच्या वाड्यांवर झाले. आमच्यापैकी पाच जणांना बोलावणे आहे. प्रद्युम्नाने ठराव मांडला: आक्षेपांचे पत्र तयार करावे, आणि खेळ संपताच सर्वांसमोर, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, त्याने ते वाचून दाखवावे. नऊ आक्षेप निघाले. आठ अंदाजाचे. नववा असा — ‘मूळ कादंबरीत यमुना हाक मारत नाही. दिग्दर्शिकेने लेखकाच्या पश्चात त्याचा शेवट बदलून वाचकांची फसवणूक केली आहे.’

मसुदा माझ्यापुढे आला. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी.

फसवणूक कोणी केली हे ठाऊक असलेला खोलीतला एकमेव माणूस, आणि त्याने स्वल्पविराम दुरुस्त केले!

१० नोव्हेंबर, सोमवार

शेफालीचा फोन — दिग्दर्शिका. आवाज तरुण, बोलणे सरळ. पत्राविषयी तिला काही ठाऊक नाही. “सर, सुलक्षणाकाकूंचे गुडघे दुखतात, त्या येणार नाहीत म्हणाल्या. पण रखमाजींचे मित्र म्हणून तुम्ही तरी याच.” सुलक्षणा म्हणजे रखमाजीची पत्नी; चित्रपटाला परवानगी त्यांनीच दिली.

मी विचारले, पुस्तक तुम्हाला कुठे मिळाले? पुण्यात, पदपथावर, महाविद्यालयात असताना. मग ती म्हणाली, “खरं सांगू? मी अख्खा चित्रपट शेवटच्या पानासाठी केलाय.”

मी ‘येतो’ एवढेच म्हणालो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रद्युम्नाला सांगायचेच, असे ठरवून आगारात गेलो. त्याने पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून घेतले आहे, खिडकीमागे, वेळापत्रकाशेजारी. मला स्टूल दिले, चहा मागवला. मी सुरुवात केली — “नवव्या आक्षेपाबाबत—”

“त्याला हात लावू नका, सर.” इतक्या तडक तो माझ्याशी कधी बोललेला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आई गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून शेवटचं पान वाचत होतो. ती हाक मारत नाही ना, सर. ऐकत राहते नुसती. म्हटलं, आपणपण नाही मारायची. त्यावर त्या दिवशी मी उभा राहिलो.”

त्याने वाचले ते शेवटचे पान नव्हते. शेवटून दुसरे होते.

चहा संपवला. परत आलो.

१३ नोव्हेंबर

सत्य सांगितले तर प्रद्युम्नाच्या पायाखालचे काढून घेतो. न सांगितले तर एका निरपराध मुलीवर चारचौघांत खोटा आरोप होतो, आणि तो प्रद्युम्नाच्या तोंडून. दोन्ही पक्ष मांडून पाहिले. निर्णय एकच निघतो. पाय निघत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळे क्रमाने लिहितो.

बंडूच्या टेम्पोतून नसरापूरवरून मार्गासनी. पुढे बंडू, मैथिली आणि वयामुळे मी. प्रद्युम्न आणि आणखी एक सदस्य मागे. प्रद्युम्नाच्या मांडीवर पत्र. माझ्या शबनम पिशवीत, जाड पुठ्ठ्यात, पान.

कार्यालयाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून भरदुपारी काळोख केला होता. दीड-दोनशे माणसे, बहुतेक वरच्या वाड्यांतली. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली — फुलाबाई. बसता बसताच विचारले, “तुमी मास्तर का? वाटलंच. पाठ अशी ताठ दुसऱ्या कुणाची नस्ती.” मग कौतुकाने: “ह्या शिनिमात हाळी म्या दिलीया. त्या नटीला येईना. घशातनं वरडायची बिचारी. हाळी पोटातनं येती.”

म्हणजे हाक आहे! मी स्वतःला सावरून, तिला समजेल अशा शब्दांत, विचारले — आदल्या दिवशी प्रतिध्वनी आला नाही, म्हणजे हाक व्हायचीच नाही. मग ती बाई हाक मारते कशी?

फुलाबाईने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी भात कुठल्या झाडाला लागते असे विचारले होते. “भाव हाय न्हवं तिचा? मंग!”

दिवे गेले.

चित्रपट शेवटाकडे येईपर्यंत आठांपैकी पाच आक्षेप गळाले. गाणे नाही. प्रियकर नाही. दगड उजेड गिळतो — ट्रेलरात चमकत होते ते त्याभोवतीचे पाणी; मैथिलीने अंधारात माझे मनगट दाबले. यमुना काळवंडलेली, ओठ फुटलेले, बंडू पुटपुटला, “आता कशी!” आणि प्रतिध्वनी! मला सर्वांत मोठी भीती त्याची होती, कारण कागदावर ‘आधी’ लिहिता येते, पडद्यावर कसे दाखवणार? त्या मुलीने तो आमच्या पाठीमागून आणला. आवाज आधी मागच्या भिंतीकडून यायचा, सगळे मान वळवायचे. आणि कथेतल्या दुसऱ्या दिवशी तोच आवाज समोर, माणसाच्या तोंडी. तिसऱ्या वेळेपासून लोकांनी माना वळवणे सोडले, नुसते कान मागे ठेवून पाहू लागले. मी इतका निर्धास्त होत गेलो की पुठ्ठ्याचा विसर पडला.

मग शेवट. यमुना बसते, ऐकते. मागच्या भिंतीकडून काही येत नाही. दिवस मावळतो. पडदा काळा.

इथेच संपेल, असे मला एका क्षणी वाटले. आणि इथेच संपावे, असे वाटले नाही. हे दुसरे अधिक महत्त्वाचे.

सकाळ. तोंडाभोवती तळहात. हाळी — फुलाबाईची, पोटातून, लांबलचक, शेवटी वर जाणारी. मग पडद्यावर काहीही नाही. मोकळी दरी.

आणि सभागृहातून, तिसऱ्या रांगेतून, एका म्हाताऱ्याने उत्तर दिले — “ओऽऽ!” त्याच्यामागून आणखी दोघांनी. मग डाव्या बाजूच्या बायकांनी. बघता बघता अर्ध्या सभागृहाने ओ दिली!

कोणी हसले नाही. फुलाबाई मला समजावू लागली, “आमच्याकडं हाळी आली की ज्याला ऐकू यील त्यानं ओ द्यायची. कुणाला का मारलेली आसंना. वरडणाऱ्याला कळाय नगं का, कुनीतरी हाय म्हून?” मी म्हणालो, आणि प्रतिध्वनी? “ओ आल्यावर त्यो कोण ऐकत बसतंय, मास्तर?”

एकोणचाळीस वर्षे! माझ्या अनुमानात उपाधी होती — नजरेआड राहिलेली अट. प्रतिध्वनी ऐकू आला नाही, तस्मात् हाक नाही. हे खरे ठरते ते त्या हाकेला ओ देणारे कोणीच नसेल तर. ओ आली की प्रतिध्वनी मागे उरत नाही, म्हणून तो आदल्या दिवशीही येत नाही. ती शक्यता मी तपासलीच नाही. ओ द्यायची रीत मला माहीत नव्हती. रखमाजी या वाड्यांवर पाट मोजत फिरला होता. त्याला ती माहीत असणारच.

दिवे लागले. टाळ्या. शेफाली पुढे आली. आणि प्रद्युम्न उठला, हातात पत्र. डोळे लाल. “मला मंडळातर्फे एक वाचायचं आहे—”

मी उठलो. म्हणालो, “प्रद्युम्न, खाली बस. अध्यक्षाचा हक्क आधी.” पुढे चालत गेलो. पुठ्ठ्यातून पान काढले.  म्हणालो, हे ‘पूर्वध्वनी’चे पान दोनशे तेरा. हे रखमाजीने लिहिले, मी माझ्या प्रतीतून कापले, आणि त्याच प्रतीवरून मंडळाच्या सर्व प्रती निघाल्या. शेवट बाईंनी बदललेला नाही. मी बदलला. मग पान वाचले. बारा ओळी आहेत.

 मग मागून बंडू: “तरीच! मला दिसली हुती की ती कापलेली कड, झेरॉक्स काढताना!”

“मग बोलला का नाहीस?” मी विचारले.

“म्हटलं सरांनी कापलंया, म्हंजी कापण्यासारखंच आसंल!”

सगळे कार्यालय हसले. मी हसू शकलो नाही. आप्त, म्हणजे भरवशाचा माणूस, म्हणतो म्हणून मानू नका, तपासा, हे मी ज्यांना जन्मभर शिकवले, त्यांनी माझ्या ब्लेडला प्रमाण मानले.

शेफाली पान हातात घेऊन उभी होती. म्हणाली, “सर, एक सांगू? तुमचाही शेवट वाईट नाही.” अशा वेळी मुलीने एवढे उदार होऊ नये. फार अवघड जाते.

प्रद्युम्न परतीच्या टेम्पोत नव्हता. एस.टी.ने गेला.

१७ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात तीन ओळी. माझे नाव चुकीचे छापले आहे. ठीक.

१८ नोव्हेंबर

प्रद्युम्नाचा फोन नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तो आला. संध्याकाळी पाचच्या सुमारास, गणवेशातच. बसला नाही.

“विसाव्यांदा वाचली, सर. पानासकट. बंडूकडून घेतलं.” बंडूने पहिल्याच दिवशी माझे पान नेऊन त्याची एकेचाळीस पाने काढून घरोघर वाटली आहेत. माझे पान परत धाडताना सोबत निरोप — आजवर पुरवण्या तुमी वाटल्या, ह्या डाव आमी.

मी म्हणालो, रागावला आहेस; रागाला आधार आहे.

“रागावलो होतो. दोन दिवस.” मग थांबून: “आईच्या वेळी हे पान असतं तर मी काय केलं असतं, सर?”

कोणताही विद्यार्थी प्रश्न विचारतो तेव्हा माझ्याकडे उत्तर असते. नसले तर प्रश्नात दोष असतो. आज म्हणालो, “माहीत नाही.”

तो बसला. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकले, म्हणाला, आणि चक्क हसला. मग काल काय केले ते सांगितले. आगारातून सुटल्यावर नीरेच्या काठी गेला, कोणी नाही असे पाहिले, आणि आईला हाक मारली. एकदाच. “पलीकडं एक जण म्हशी धूत होता, सर. त्यानं ओ दिली!”

आम्ही दोघेही बराच वेळ हसत होतो. त्याला मधेच रडू आले, तेही आवरले नाही, आणि मी आवर असे म्हणालो नाही.

जाताना दारात वळून म्हणाला, “पण चित्रपटात दगड एके ठिकाणी डाव्या हातात आहे आणि पुढच्या दृश्यात उजव्या. ते मी लिहून कळवणार आहे.” अवश्य कळव, म्हणालो. सही मागू नकोस.

छातीवरून काहीतरी उतरले आहे. याहून नेमके लिहिता येत नाही.

२१ नोव्हेंबर

पुनर्मुद्रण होणार! शेफालीचा निरोप. पुण्याचे एक प्रकाशक तयार आहेत. त्यांना छपाईसाठी संपूर्ण प्रत हवी. शेफालीची चित्रणात पावसाने भिजून वाया गेली, माझी चालणार नाही. रखमाजीची स्वतःची प्रत सुलक्षणावहिनींकडे असेल. रविवारी उत्रोलीला जाऊन आणतो. माझे पानही त्यांच्या हवाली करतो. ते ठेवण्याचा मला अधिकार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

उत्रोली. अंगणात भाताची रास. वहिनींनी पुस्तक कापडातून सोडून दिले. “ते गेल्यापासून कुणी उघडलं नाही, भाऊजी. मला त्यांनी गोष्ट तोंडीच सांगितली होती.”

दोनशे बारावर संपते. पुढचे पान पट्टी ठेवून कापलेले. कव्हराच्या आत पेन्सिलीने, रखमाजीच्या अक्षरात, माझेच वाक्य: ‘तस्मात् हाक नाही.’ खाली तारीख — आमच्या वादाच्या दुसऱ्या दिवसाची.

मी माझे पान त्या जागी ठेवले. कडेला कड बरोबर बसली.